अंक आला का? लायब्ररीत चालू नियतकालिकांचं टेबल नव्याने हातात आलेल्यांसाठी

बी.लिब. झालं, तालुक्याच्या कॉलेजात नाहीतर गावच्या वाचनालयात लागलात, आणि पहिल्याच आठवड्यात मोठ्या मॅडम म्हणाल्या "तू जरा पिरिऑडिकल बघ", तर हे तुमच्यासाठी आहे. कोर्समध्ये या विषयाला एखादं प्रकरण असतं आणि परीक्षेत पाच मार्कांची टीप. प्रत्यक्षात मात्र रोज सकाळी टपालाचा गठ्ठा पुढ्यात पडतो आणि कोणी काही सांगत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, पुढचं सगळं तिच्यावरच चालतं. पुस्तक एकदा येतं, दाखल नोंदवहीत चढतं, विषय संपला. मासिक येतच राहतं, आणि जो अंक आला तो दिसतो पण जो आला नाही तो कुठेच दिसत नाही. म्हणून या टेबलाचं खरं काम आलेल्या अंकांची नोंद करणं नाहीये, काय यायला हवं होतं आणि आलं नाही हे वेळेत कळणं हे काम आहे. नुसती आलेल्या अंकांची आवक वही ठेवणारे पुष्कळ आहेत, वर्षअखेरीस बाइंडिंगला काढायच्या वेळी कळतं की बारापैकी आठच अंक हातात आहेत, आणि तोपर्यंत प्रकाशकाकडेही जुने अंक संपलेले असतात.

आधी टेबलावर काय काय आहे ते बघा

पहिले दोन दिवस काही लिहू नका, फक्त गठ्ठे लावा. दैनिक वेगळी. मग साप्ताहिक, पाक्षिक, मासिक, द्वैमासिक, त्रैमासिक, सहामाही, वार्षिक. साधना साप्ताहिक आहे, लोकराज्य, योजना, किशोर, शेतकरी ही मासिकं, धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाचं संशोधक त्रैमासिक. हे वेगळं करायचं कारण असं की प्रत्येकाची वाट बघायची मुदत वेगळी. साप्ताहिक दहा दिवस आलं नाही तर काहीतरी बिघडलंय, त्रैमासिक दोन महिने आलं नाही तर कदाचित काहीच बिघडलं नाहीये.

दुसरी विभागणी कशी आलं त्याची. वर्गणी भरून येणारी, सरकारकडून किंवा संस्थांकडून फुकट येणारी, आपल्या कॉलेजच्या अंकाच्या बदल्यात म्हणजे विनिमयात येणारी, आणि कोणीतरी सभासद घरी वाचून झाल्यावर आणून देतो ती. तगादा फक्त वर्गणीवाल्यांना हक्काने लावता येतो, विनिमयवाल्यांना गोडीत, आणि दान देणाऱ्या काकांना "मागचा अंक नाही आला" असं विचारायचं नसतं, हे सांगायला नको. पण नोंद चारही प्रकारांची ठेवायची.

अंकाचा बारीक टाइप वाचायला शिका

कव्हर बघून नोंद करायची सवय लावून घेऊ नका. अंक उघडून पहिलं पान, अनुक्रमणिकेचं पान आणि शेवटच्या पानाची खालची ओळ बघायची. तिथे मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक, छपाईचं ठिकाण दिलेलं असतं. नियतकालिकांच्या नोंदणीचा जुना कायदा १८६७चा होता, त्याच्या जागी २०२३चा नवा कायदा आला आणि तो १ मार्च २०२४ पासून लागू झाला, पण आपल्या कामाचा बारीक मजकूर तसाच आहे. आरएनआय नंबर, म्हणजे नियतकालिकाच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक बघा, महाराष्ट्रातल्या मराठी अंकांचा बहुतेक वेळा एमएएचएमएआर या अक्षरांनी सुरू होतो. टपाल परवान्याच्या ओळीत पुष्कळदा पोस्टात टाकायची तारीखही छापलेली असते, अमुक तारखेला पोस्टिंग म्हणून. ती तारीख लिहून घ्या, कारण अंक आपल्याकडे कधी यायला हवा याचा अंदाज तिथूनच बांधता येतो आणि महिन्याच्या एक तारखेपासून उगाच वाट बघावी लागत नाही.

मग वर्ष आणि अंक. "वर्ष ३४, अंक ७" असं असतं ते. यातलं वर्ष जानेवारीला बदलतं असं धरून चालू नका. मासिक ज्या महिन्यात सुरू झालं त्याच महिन्यात बहुतेक वेळा त्याचं नवं वर्ष बसतं. साधना १५ ऑगस्ट १९४८ला सुरू झालं, किशोर नोव्हेंबर १९७१ला, म्हणजे दोघांचा हिशोब वेगळा. त्यात आपली वर्गणी भरलेली असते जुलै ते जून, कॉलेजचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, आणि बाइंडिंग करायचं त्या मासिकाच्या वर्षाप्रमाणे. नवीन माणूस इथेच गोंधळतो. उपाय साधा आहे, कार्डावर तिन्ही वेगवेगळ्या ओळीत लिहायचं.

काही अंकांवर "सलग अंक ४०६" असाही आकडा असतो. तो असेल तर सोनंच समजा, का ते पुढे दिवाळीच्या वेळी कळेल.

आणि आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक. आठ आकडी नंबर, मध्ये रेघ. इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकलीचा छापील अंकाचा ००१२-९९७६ आणि ऑनलाइनचा २३४९-८८४६, म्हणजे एकाच नियतकालिकाच्या दोन रूपांना दोन नंबर. शेवटचा आकडा तपासणीचा असतो. पहिल्या सात आकड्यांना डावीकडून ८, ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचं, बेरीज करायची, ११ ने भागायचं, बाकी ११ मधून वजा करायची. वरच्या छापील नंबराची बेरीज ९३ येते, ११ ने भागून बाकी ५, अकरातून पाच गेले सहा, आणि शेवटचा आकडा सहाच आहे. बाकी शून्य आली तर शेवटी शून्य, आणि उत्तर दहा आलं तर तिथे एक्स लिहितात, ती छपाईची चूक नसते. हा नंबर दिल्लीतलं राष्ट्रीय केंद्र देतं आणि त्यांचं मुख्य केंद्र पॅरिसला आहे. नियतकालिकाचं नाव मोठ्या प्रमाणात बदललं की नवा नंबर लागतो.

आता प्राध्यापक मंडळी तुमच्याकडे येऊन विचारतील, "यांचा आयएसएसएन आहे ना, मग पेपर द्यायला हरकत नाही ना?" तेव्हा स्पष्ट सांगायचं, आयएसएसएन म्हणजे फक्त ओळख, दर्जाचं सर्टिफिकेट नाही. यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य संशोधन जर्नलांची यादी, फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, पण अजून लोक ती विचारतात, आणि नामांकित जर्नलचा नाव-नंबर चोरून खोटी वेबसाइट चालवणारेही आहेत. शंका असेल तर आयएसएसएनच्या पोर्टलवर नंबर टाकून नाव, प्रकाशक जुळतो का ते बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

यादी आणि वर्गणी

कोणती नियतकालिकं घ्यायची हे तुम्ही एकटे ठरवत नाही, ग्रंथालय समिती ठरवते. पण यादी तुम्ही मांडता, आणि मांडणाऱ्याच्या हातात पुष्कळ काही असतं. मागच्या वर्षी कोणतं मासिक कोणी हातात धरलं नाही हे तुम्हालाच माहीत. रॅकवरून रोज संध्याकाळी विस्कटलेले अंक गोळा करताना कोणते अंक विस्कटलेत तेवढं बघत जा, यापेक्षा वेगळा सर्व्हे लागत नाही. आपल्याकडे खानदेशात, कापूस, केळीच्या पट्ट्यात शेतीची मासिकं खरंच वाचली जातात, शेतकरी बापे वाचनालयात येऊन उभ्याउभ्या चाळतात. तर एखादं जाडजूड इंग्रजी जर्नल कोणीतरी विभागप्रमुखाने हट्टाने लावलेलं असतं आणि त्याचं प्लास्टिकही निघत नाही.

सार्वजनिक वाचनालयात असाल तर आणखी एक बघायचं. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७चा, त्याखाली अ, ब, क, ड वर्ग आणि त्याप्रमाणे अनुदान. वर्गासाठी पुस्तकांसोबत वर्तमानपत्रं आणि नियतकालिकं किती घेता हेही मोजतात. म्हणून यादीतून एखादं नाव कमी करण्याआधी आपल्या वर्गाचा निकष उघडून बघा, नाहीतर काटकसर करायला जाल आणि तपासणीत अडकाल.

वर्गणी तीन वाटांनी भरता येते. थेट प्रकाशकाकडे, एजंटामार्फत, नाहीतर गावातल्या पेपरवाल्याकडून. माझं मत असं की दैनिकं आणि स्टॉलवर मिळणारी मासिकं पेपरवाल्याकडूनच घ्यावीत, अंक चुकला तर तो दुसऱ्या दिवशी आणून देतो आणि बिल महिन्याचं महिन्याला. वैचारिक मासिकं, त्रैमासिकं स्टॉलवर मिळत नाहीत, ती थेट. इंग्रजी जर्नलं जास्त असतील तर एजंट बरा, एकच बिल, एकच माणूस पकडायचा. पण कोणत्या एजंटाने कोणत्या नावाचे पैसे पुढे कधी पोचवले याची पावती मागायची, "भरलेत सर, येतील अंक" यावर राहू नका. एका एजंटाने पैसे घेऊन सहा महिने प्रकाशकाला कळवलंच नव्हतं असं आमच्याकडे घडलेलं आहे, आणि आम्ही सहा महिने बिचाऱ्या संपादकांना पत्रं लिहीत होतो.

आजीव वर्गणीच्या मोहात संस्थेचे पैसे टाकू नका. आकडा छान दिसतो, पण इथे आजीव म्हणजे मासिकाचा जीव, आपला नाही. वार्षिक, फार तर तीन वर्षांची.

पैसे आगाऊ जातात, माल वर्षभर येत राहतो, म्हणून ऑडिटवाले इथे हमखास बोट ठेवतात. समितीचा ठराव, ऑर्डरची प्रत, ऑनलाइन भरले तर ट्रान्झॅक्शन नंबराचं प्रिंट, प्रकाशकाची पावती आणि वर्षअखेरीस आलेल्या अंकांचं कार्ड, एवढं एका फाइलला नावाप्रमाणे लावलेलं असलं की ऑडिटर चहा पिऊन पुढे जातो. आणि यूपीआयने वर्गणी भरली की लगेच प्रकाशकाला मेल किंवा व्हॉट्सॅप करून नाव-पत्ता कळवायचा, नाहीतर त्यांच्या खात्यात नुसते पैसे दिसतात, कोणाचे ते कळत नाही.

पत्ता

याला वेगळा मथळा द्यावा लागतोय यातच सगळं आलं. आपल्याकडचे कितीतरी अंक पत्त्यापायी हरवतात. जळगाव म्हटलं की एक आपलं आणि एक बुलढाणा जिल्ह्यातलं जळगाव जामोद. शिरपूर म्हटलं की एक धुळे जिल्ह्यातलं आणि एक वाशिमकडचं शिरपूर जैन. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ला वेगळा झाला, पण जुन्या लेबलांवर शहादा, तळोदा पुढे "जि. धुळे" असं वर्षानुवर्षं छापलं जात होतं, कोणी बदलून घेतलंच नाही. पिनकोड मोठ्या अक्षरात लिहा, जळगाव ४२५००१, धुळे ४२४००१, नंदुरबार ४२५४१२, अमळनेर ४२५४०१. आणि पत्ता "प्राचार्य" यांच्या नावाने न देता "ग्रंथपाल" यांच्या नावाने द्या. प्राचार्यांच्या नावाने आलेला अंक ऑफिसात जातो, तिथून केबिनमध्ये जातो, केबिनमधून कधीकधी घरी जातो. मी जास्त बोलत नाही.

लेबलावर आपला वर्गणी क्रमांक आणि मुदत संपायची तारीख असते. पहिल्या अंकाचं लेबल फाडून फेकू नका, कापून कार्डामागे चिकटवा.

नोंद कशी ठेवायची

वही, कार्ड, एक्सेल, सॉफ्टवेअर, काहीही चालेल, फक्त त्यात रिकामी जागा दिसली पाहिजे. आवक वहीत तारखेप्रमाणे एकाखाली एक नावं लिहिली की रिकामी जागा दिसत नाही, सगळे दिसतात ते आलेलेच. म्हणून प्रत्येक नियतकालिकाला स्वतंत्र कार्ड किंवा पान. डावीकडे वर्षं, वर बारा महिने, चौकटीत अंक मिळाल्याची तारीख आणि अंक क्रमांक. साप्ताहिकाला प्रत्येक महिन्यात पाच चौकटी. दैनिकांना एक महिन्याचा तक्ता, एकतीस घरं, नुसती टिक. ज्या दिवशी छपाईची सुट्टी असते तिथे आधीच रेघ मारून ठेवा.

ग्रंथालयशास्त्रातल्या रंगनाथनांची तीन कार्डांची पद्धत तुम्ही पाठ केली असेल. एक नोंदणी कार्ड, एक तपासणी कार्ड, एक वर्गीकृत सूची कार्ड. परीक्षेसाठी तिन्ही, पण रोजच्या कामात कमाल आहे ती तपासणी कार्डाची. ते नावाप्रमाणे लावत नाहीत, कोणत्या आठवड्यात पुढचा अंक यायला हवा त्या आठवड्याच्या मागे लावतात. अंक आला की कार्ड उचलून पुढच्या अपेक्षित आठवड्यात. आठवडा संपला आणि त्या आठवड्यामागे कार्डं उरली, की ते अंक आले नाहीत. शोधायलाच नको. त्या माणसाने हे कॉम्प्युटर नसताना विचार करून ठेवलंय. आजही पन्नासेक नियतकालिकं असलेल्या वाचनालयात चपलांच्या खोक्यात ही कार्डं घालून चार जाड पुठ्ठे पहिला-दुसरा-तिसरा-चौथा आठवडा असे उभे केले की काम भागतं, खर्च काही नाही.

अंक आला की क्रम असा. लेबल बघा, आपलाच आहे ना. उघडून पानं मोजू नका पण मधली फॉर्म, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेली पानं, उलटीसुलटी किंवा कोरी नाहीत ना ते चाळा, कारण खराब अंक बदलून मागायलाही मुदत असते. कार्डावर तारीख. मग शिक्का, अनुक्रमणिकेच्या पानावर आणि ग्रंथालयाने ठरवलेल्या आतल्या एका पानावर. कव्हरच्या चित्रावर मधोमध शिक्का मारणाऱ्यांचा मला राग येतो, तुम्ही कोपऱ्यात मारा. सुट्या अंकांना दाखल क्रमांक देत नाहीत, तो बांधलेल्या खंडाला.

दिवाळी

आता मराठी नियतकालिकांची खरी गंमत. का. र. मित्रांच्या मनोरंजन मासिकाने १९०९ला दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून आपल्याकडच्या मासिकांचं वेळापत्रक दरवर्षी शरदात विस्कटतं. कोणी ऑक्टोबर-नोव्हेंबर जोडअंक काढतं, कोणी सप्टेंबरपासूनच जोडून टाकतं, कोणी दिवाळी अंक वेगळा काढून नोव्हेंबरचा अंकच काढत नाही. परत दिवाळी कधी ऑक्टोबरात कधी नोव्हेंबरात. मे-जूनमध्येही काही मासिकं जोडअंक काढतात.

तुमच्या कार्डावर नोव्हेंबरचं घर रिकामं दिसतं, तुम्ही तगाद्याचं पत्र पाठवता, आणि संपादकांचं उत्तर येतं, "जोडअंक होता, पान तीनवर सूचना दिली होती." म्हणून महिन्याच्या नावावर जाऊ नका, अंक क्रमांकावर जा. ऑक्टोबरचा अंक १० होता आणि डिसेंबरचा आला तो अंक १२, तर आधी दिवाळी अंकावर काय छापलंय ते बघा. "अंक १०-११" असेल तर काही हरवलं नाही, नोव्हेंबरच्या घरात बाण काढून "जोडअंक" लिहा. "अंक १०" एवढंच असेल तर ११ हरवला. आणि सलग अंक क्रमांक असेल तर प्रश्नच मिटला, ४०६ नंतर ४०७ आला की मधे काही नाही. आलाच नाही आणि निघालाच नाही यातला फरक कार्डावर वेगळ्या खुणेने लिहा, नाहीतर तुमच्या नंतर येणारा माणूस पाच वर्षांनी तो न निघालेला अंक शोधत बसेल.

वर्गणी भरतानाच विचारून घ्या की दिवाळी अंक त्यात धरलाय का जादा पैसे पडतील. फक्त दिवाळीलाच निघणारे अंक असतात, त्यांना वार्षिक समजून स्वतंत्र कार्ड करा. वाचनालयात दिवाळी अंक योजना चालत असेल, म्हणजे वेगळी फी घेऊन अंक घरी द्यायचे, तर नोंद झाल्याशिवाय एकही अंक काउंटरवर जाऊ देऊ नका, गर्दीत तो परत नोंदीला येत नाही.

तगादा

याला पुस्तकात स्मरणपत्र म्हणतात. वेळ साधणं महत्त्वाचं. साप्ताहिकाचा पुढचा अंक आला आणि मागचा नाही, लगेच. मासिकाला नेहमीच्या तारखेनंतर दोन-तीन आठवडे द्या, पुढच्या महिन्याचा अंक आधी आला तर थांबायचं कारण नाही. त्रैमासिकाला तिमाही संपून महिना होऊ द्या, लहान संस्थांचे अंक उशिराच निघतात आणि त्यात त्यांचा दोष कमी, पैशाचा जास्त. प्रकाशकाकडून फुकट प्रत मिळण्याची मुदत असते, कोणी दोन महिने म्हणतं कोणी तीन, ती वर्गणीच्या अटीत वाचून कार्डावर लिहा. त्यानंतर विकत घ्यावी लागते, तीही शिल्लक असली तर.

पत्र पाठवण्याआधी घरात शोधा. स्टाफरूम, ऑफिस, शिपाई दादांचं कपाट. आमचे एक शिपाई आण्णा "हाऊ अंक ते कालदिन उना ना, मी कपाटमा ठेवा" (हा अंक तर कालच आला ना, मी कपाटात ठेवला) म्हणून गठ्ठाच काढून देतात, आणि आपण इकडे मुंबईला पत्र लिहीत असतो. मग जवळच्या दुसऱ्या कॉलेजच्या ग्रंथपालांना फोन, तुमच्याकडे आला का. जिल्ह्यात कोणालाच आला नाही तर अंक उशिरा निघालाय किंवा गठ्ठा वाटेत कुठे अडकलाय. त्यांना आलाय आणि आपल्याला नाही, तर आपल्या पोस्टमन भाऊंशी बोलायचं, भांडायचं नाही. साधं टपाल असतं, त्याची पोच नसते, त्यामुळे पुरावा कोणाकडेच नसतो. पोस्टमन बदलला की दोन महिने अंक इकडेतिकडे जातात, नवीन भाऊंना पहिल्याच दिवशी लायब्ररी दाखवून चहा पाजलेला बरा.

पत्र लहान ठेवा. साधारण असं:

"सस्नेह नमस्कार. आमचा वर्गणी क्रमांक अमुक, मुदत जुलै ते जून. आपल्या मासिकाचा वर्ष ३४, अंक ९ (सप्टेंबर) आजपर्यंत मिळालेला नाही. अंक ८ आणि अंक १० याच पत्त्यावर मिळाले आहेत. अंक जोडअंक असल्यास किंवा निघाला नसल्यास तसे कळवावे, अन्यथा एक प्रत पाठवावी ही विनंती. पूर्ण पत्ता पिनकोडसह खाली देत आहे."

आधीचा आणि नंतरचा अंक मिळाल्याचं आवर्जून लिहायचं, म्हणजे पत्ता बरोबर आहे आणि वर्गणी चालू आहे हे त्यांना शोधावं लागत नाही. "आपल्या गलथान कारभारामुळे" वगैरे लिहू नका, पुष्कळ मराठी मासिकं दोन-तीन माणसंच घरच्या टेबलावरून चालवतात. एका पत्रात एकाच नियतकालिकाचे सगळे राहिलेले अंक. तारीख कार्डावर पेन्सिलने, उत्तर आलं की पेनने. दोनदा लिहून उत्तर नाही, फोन लागत नाही, पुढचे अंकही नाहीत, तर मासिक बंद पडलं असू शकतं. तसं कळलं की कार्डावर शेवटचा मिळालेला अंक लिहून "बंद" करा आणि समितीपुढे ठेवा, उरलेल्या वर्गणीचं काय ते तिथे ठरेल. कार्ड फेकू मात्र नका.

सॉफ्टवेअर असेल तर

कॉलेजात बहुतेक ठिकाणी इन्फ्लिबनेटचं सोल नाहीतर कोहा असतं, काही ठिकाणी ई-ग्रंथालय. कोहा न्यूझीलंडमध्ये तयार झालं आणि फुकट आहे. त्यातला सिरियल्सचा, म्हणजे नियतकालिकांचा भाग वरच्या तपासणी कार्डासारखाच चालतो, अंक मिळाला म्हणून टाकलं की पुढच्या अपेक्षित अंकाची ओळ तयार होते. वर्गणीची नोंद करताना किती दिवसांनी निघतं, क्रमांक कसा वाढतो, पहिला अंक कोणत्या तारखेचा हे भरायचं आणि सेव्ह करण्याआधी अंदाज तपासायचं बटण दाबायचं. तिथे वर्षभराचे अंक ओळीने दिसतात. दिवाळीला जो अंक निघणार नाही त्याच्यापुढे "प्रकाशित नाही"ची खूण करायची, आणि क्रमांक वगळायचा का तसाच पुढे चालवायचा तेही निवडायचं. हे न करता सोडलं तर डिसेंबरपासून सगळे आकडे एकाने पुढे-मागे पळतात आणि मग नवीन मुलं म्हणतात कोहा मराठी मासिकांना चालत नाही. चालतं. ग्रेस पिरियडच्या चौकटीत मासिकाला पंधरा-वीस दिवस टाका, म्हणजे लेट यादीत उगाच नावं येणार नाहीत.

वीज जाते, सर्व्हर बसतो, म्हणून पहिलं वर्षभर कार्डंही चालू ठेवा.

रॅक

ताजा अंक समोर तिरक्या फळीवर, या वर्षाचे मागचे त्याच्या पाठीमागच्या कप्प्यात. चालू अंक घरी द्यायचा नाही हा नियम सगळ्यांना सारखा, प्राध्यापकांनाही. स्पर्धा परीक्षेची पोरं योजना, कुरुक्षेत्र आणि चालू घडामोडींच्या अंकांतली पानं फाडतात हे उघड आहे. ओरडून थांबत नाही. त्या दोन-चार मासिकांची जास्तीची प्रत घ्या, काउंटरवर ओळखपत्र ठेवून द्या, आणि झेरॉक्सची सोय तिथल्या तिथे करा. फाडणं बऱ्यापैकी कमी होतं.

ऑनलाइनचं थोडक्यात

वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही केंद्राची योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली, २०२५ ते २०२७ साठी ६००० कोटी, ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार ई-जर्नलं. ती सरकारी संस्थांसाठी आहे, आपली संस्था त्यात बसते का हे विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारा. बसत असेल तर तीच जर्नलं छापील घ्यायची का यावर समितीत बोला. ऑनलाइन वर्गणी भरताना एकच प्रश्न आधी विचारायचा, वर्गणी बंद केली तर भरलेल्या वर्षांचे अंक पुढे उघडतील का. उत्तर लेखी घ्या. आणि ई-जर्नलांनाही कार्ड करा, महिन्यातून एकदा लिंक उघडून ताजा अंक दिसतो का बघा, न आलेला अंक तिथेही गप्पच असतो.

वर्ष संपल्यावर

सगळंच बांधून ठेवायला जागाही नसते आणि पैसेही. चालू घडामोडींचे अंक दोन-तीन वर्षांनी कोणी बघत नाही. संशोधनाची, साहित्याची, आणि आपल्या भागाबद्दल लिहिणारी नियतकालिकं बांधा, स्थानिक छोटी मासिकं तर नक्कीच, ती मुंबई-पुण्यात कोणी ठेवलेली नसतात. १८७७ पासून चालू असलेलं जळगावचं व. वा. जिल्हा वाचनालय किंवा १९२७चं राजवाडे मंडळ अशा जुन्या संस्थांत जाऊन बघा, जुने खंड कोणीतरी त्या त्या वेळी अंक मोजून बांधले म्हणूनच मिळतात.

बाइंडरकडे देताना अंक क्रमांकाप्रमाणे लावा, महिन्याप्रमाणे नाही. वार्षिक सूची असेल तर ती शोधून शेवटी लावा. कव्हरं आत ठेवायची, कटिंग कमीत कमी, पाठीवर नाव, वर्ष, सन. एखादा अंक कायमचा गेला असेल तर त्याच्या जागी एक कोरा कागद, त्यावर "अंक ९ मिळाला नाही". दुसऱ्या ग्रंथालयातून झेरॉक्स मिळाली तर फारच छान. बांधून आलेला खंड दाखल नोंदवहीत चढवा आणि मगच कार्डावर "बांधला" लिहा.

वर्तमानपत्रांची रद्दी काढायची तर आधी किती महिने ठेवायची याचा समितीचा ठराव, वजनाची पावती, पैसे खात्यात. अनुदानाची तपासणी आणि ऑडिट होईपर्यंत त्या वर्षाची रद्दी हलवू नका.

राहिली मे महिन्याची सुट्टी. जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, कॉलेज बंद, आणि टपाल मात्र चालूच. गेटखालून सरकवलेले अंक उन्हात वाळून पिवळे पडतात नाहीतर वॉचमनच्या खोलीत जाऊन बसतात. सुट्टी लागायच्या आधी पोस्टात अर्ज देऊन टपाल थांबवून घ्या किंवा ऑफिसातल्या कोणाला तरी चावी आणि एक झाकणाचं खोकं देऊन ठेवा, अंक फक्त त्यात टाकायचे, फोडायचे नाहीत. जूनमध्ये पहिल्या दिवशी खोकं रिकामं करून कार्डं भरा, एप्रिल-मेची घरं बघा आणि राहिलेल्यांना त्याच आठवड्यात पत्रं टाका, कारण एप्रिलच्या अंकाची मुदत तोवर संपत आलेली असते.